पाण्याची बाटली रिकामी येऊ लागली: शाळेतल्या ओटी-फिजिओ सेवेचा आमचा अनुभव

माझी मुलगी आठ वर्षांची आहे, तिसरीत शिकते. तिचा जन्म तिसाव्या आठवड्यातला. तिला स्पॅस्टिक डायप्लेजिया आहे, म्हणजे सेरेब्रल पाल्सीचा (लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर होणाऱ्या परिणामाचा) असा प्रकार, ज्यात हातांपेक्षा पायांत ताठरपणा जास्त असतो. दोन्ही पायांत स्प्लिंट घालून ती स्वतःची स्वतः चालते. जिन्यावर कठडा लागतो, गर्दीत आणि खडबडीत जमिनीवर तोल जातो. मी सुतारकाम करतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे खुर्चीबद्दल बरंच लिहिणार आहे आणि त्यात माझ्या धंद्याची नजर येणारच.

तिच्या शाळेत सध्या येणारी ऑक्युपेशनल थेरपी (ओटी, म्हणजे रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून दिली जाणारी थेरपी) आणि फिजिओथेरपीची सेवा आम्ही गेलं एक वर्ष घेतोय. ओटी मॅडम आठवड्यातून एकदा येतात, फिजिओ सर पंधरा दिवसांतून एकदा. त्याआधी वर्षभर दुसऱ्या एका संस्थेची सेवा घेतली होती. दोन्हींत फरक इतका पडला की लिहिल्यावाचून राहवेना. नावं दोन्हींची देत नाही. शाळेतली थेरपी निवडताना काय बघायचं, ते मात्र या लिहिण्यातून कोणाला तरी उपयोगी पडावं.

पहिल्या वर्षी थेरपी व्हायची ती शाळेच्या सामान ठेवायच्या खोलीत. गणिताच्या तासाला मुलीला उठवून न्यायचे. मणी ओवायचे, क्लेचे गोळे करायचे, मोठ्या बॉलवर बसवायचं, शेवटी दोन्ही पोटऱ्या दहा दहा मिनिटं ताणायच्या. वहीत शेरा यायचा, ‘सहकार्य चांगले’. ती माणसं मेहनती होती, माझ्या मुलीशी प्रेमाने वागली, त्याबद्दल मनात काही नाही. वर्षअखेरीस ती मणी झरझर ओवायला लागली होती. पण फळ्यावरचं उतरवून घेताना अजूनही अर्ध्यावरच अडकायची, मधल्या सुट्टीत वर्गातच बसून राहायची, आणि अपूर्णांक तर तिला कोणी शिकवलेच नव्हते, कारण ते शिकवले तेव्हा ती त्या खोलीत होती. वर्षभरात एकदाही कोणी तिच्या वर्गात जाऊन ती बसते कशी, चालते कुठून कुठे, हे पाहिलं नाही.

नव्या टीमने पहिल्या दिवशी काहीच केलं नाही. मी तेव्हा चिडलो होतो. सकाळी मुलगी रिक्षातून उतरली तिथपासून परत रिक्षात बसेपर्यंत ओटी मॅडम आणि फिजिओ सर नुसते तिच्या मागे मागे फिरत होते, एका हातात वही आणि एका हातात घड्याळ. तिला हातसुद्धा लावला नाही. घरी आल्यावर मी बायकोला म्हणालो, हा कसला इलाज. आठवडाभराने आम्हा दोघांना आणि वर्गशिक्षिकेला त्यांनी एकत्र बसवलं आणि त्या दिवसाच्या नोंदी वाचून दाखवल्या. वर्ग ते मैदान, सहा मिनिटं. बाकीच्या मुलांना दीड. मधली सुट्टी वीस मिनिटांची. परत यायला तिला आधी निघावं लागतं, म्हणजे खेळायला हातात उरतात आठ मिनिटं, आणि तोवर डाव मांडून झालेला असतो. फळ्यावरच्या नऊ ओळींपैकी चार उतरवल्या. खुर्चीवर असताना पाय पूर्ण वेळ अधांतरी. आणि मग मॅडमनी विचारलं, ‘ती शाळेत पाणी किती पिते?’

मला उत्तर माहीत होतं आणि नव्हतंही. बाटली रोज भरलेली परत यायची. मी ती रोज झाडांना ओतायचो. पोरीला तहान कमी, असं मी धरून चाललो होतो.

तिला तहान कमी नव्हती. ती मुद्दाम पाणी पीत नव्हती. शाळेच्या स्वच्छतागृहात धरायला काही नव्हतं, फरशी ओली असायची, आणि पँटचा हुक एका हाताने काढता काढता तिचा तोल जायचा. एकदा ती तिथे पडली होती. मावशींनी उठवलं, बाहेर दोन मुली उभ्या होत्या. त्यानंतर तिने स्वतःच उपाय शोधला, सकाळपासून दुपारपर्यंत पाणीच प्यायचं नाही. सात वर्षांच्या मुलीने हे कोणालाही न सांगता ठरवलं आणि कित्येक महिने पाळलं. मी तिचा बाप, रोज ती बाटली हातात घेत होतो आणि मला कळलं नाही. या एका प्रश्नासाठी मी त्या मॅडमचा जन्मभर ऋणी राहीन.

उपाय साधे होते. पँटच्या हुकाच्या जागी इलॅस्टिक आलं. ओल्या फरशीवर न घसरणारी जाळीची चटई आली. आणि भिंतीला धरायचा दांडा. दांडा बसवायचं काम मी केलं, पण माप त्यांनी घेतलं आणि त्यातून मी शिकलो. मी टेप घेऊन गेलो होतो, मोठ्यांसाठी लावतात त्या उंचीवर खूण करायला. फिजिओ सरांनी मुलीलाच उभं केलं, बसायला सांगितलं, उठायला सांगितलं, आणि उठताना तिचा हात आपसूक जिथे गेला तिथे पेन्सिलीने रेघ मारली. माझ्या खुणेपेक्षा ती रेघ वीतभर खाली होती. मग पडल्यावर कोणाच्याही हाताशिवाय जमिनीवरून उठायचं कसं, हे तिला तीन आठवडे शिकवलं: आधी ओणवं, मग एक गुडघा पुढे, मग दांडा. दुसऱ्या महिन्यात बाटली अर्धी परत आली. आता रिकामी येते.

आता खुर्ची. वर्गातली खुर्ची तिच्यासाठी उंच होती आणि बैठकही खोल. पाठ टेकवली की पाय लोंबकळायचे, पाय टेकवायला पुढे सरकली की पाठ सुटायची. बहुतेक वेळ ती एक पाऊल खुर्चीच्या पायात अडकवून बसायची. मी त्याला वाईट सवय समजून रागावत असे. मॅडमनी सांगितलं की ती सवय नाही, तो आधार आहे. धड हलतं राहिलं तर हाताला बारीक काम जमत नाही, कारण शरीराची सगळी ताकद सरळ बसण्यातच जाते. हे मला लगेच पटलं. डुगडुगत्या टेबलावर कितीही चांगला कारागीर असला तरी बारीक कोरीव काम होत नाही.

त्यांनी दिलेली मापं अशी: पाऊल पूर्ण टेकलेलं, कंबर, गुडघा आणि घोटा साधारण काटकोनात, बैठकीची कडा आणि गुडघ्यामागची पोटरी यांच्यात दोन-तीन बोटांची फट, आणि टेबलाचा वरचा भाग दुमडलेल्या कोपरापेक्षा साधारण पाच सेंटिमीटर वर. नवी खुर्ची घ्यायची गरज पडली नाही. मी अठरा मिलिमीटर प्लायवूडची पायपेटी केली, वर रबर लावलं, खाली न सरकणारे बूट ठोकले. पाठीमागे जाड फोमची गादी बांधली, म्हणजे बैठक तेवढी उथळ झाली. पेटीला बाजूने दोन भोकं ठेवली आहेत, खाली जादा पट्टी लावून उंची कमी-जास्त करता येते, कारण मूल वाढतं. दर तिमाहीला मॅडम गुण्या लावल्यासारखी ती बैठक तपासतात. खरंच तपासतात, मी दोनदा हजर होतो.

लिहिण्याच्या बाबतीत माझा एक आग्रह होता. ती पेन्सिल चार बोटांत धरते. मला वाटायचं, आधी पकड सुधारा, मग अक्षर सुधारेल. मॅडमनी पकडीला हातच लावला नाही. तीन बोटांच्या आणि चार बोटांच्या मिळून चार पकडी आज प्रौढ, चालणाऱ्या पकडी मानल्या जातात, त्यांनी वेगात किंवा सुवाच्यपणात फरक पडत नाही, असं त्यांनी समजावलं. दुखत नसेल, कागद फाटत नसेल, तर बदलायला जायचं नाही. मण्यांबद्दल मी विचारलं, तेव्हा त्यांनी २०११ साली कॅनडाच्या ओटी नियतकालिकात आलेल्या एका आढाव्याचा दाखला दिला. अक्षरासाठी केलेल्या उपायांमध्ये प्रत्यक्ष लिहिण्याचा सराव नसेल, किंवा असा सराव वीस सत्रांपेक्षा कमी असेल, तर परिणाम दिसत नाही, हा त्याचा निष्कर्ष. म्हणजे लिहायला शिकायचं तर लिहावंच लागतं. आमचं पहिलं वर्ष मण्यांत गेलं होतं, ते ऐकून जीव कळवळला.

मग लिहिण्याचाच सराव झाला, आठवड्याला एकदा मॅडमसमोर आणि तीनदा वर्गशिक्षिकेसमोर, दहा-दहा मिनिटं. फळ्यावर बघायचं, ओळ लक्षात ठेवायची, मान खाली घालायची, जागा शोधायची, यात तिचा सगळा वेळ जात होता. म्हणून फळ्यावरच्या मजकुराची प्रत तिच्या बाकावर ठेवायला सुरुवात केली. त्याच दिवशी नऊपैकी आठ ओळी उतरवून झाल्या. लांब उत्तरांसाठी आता कीबोर्ड शिकवतायत. मला सुरुवातीला ती हार वाटली होती. पण तिने टाइप केलेला पहिला निबंध वाचला आणि समजलं, हिच्या मनात इतकं सगळं होतं, हात थकायचा म्हणून तीन वाक्यांत संपायचं.

फिजिओ सरांशी माझा सगळ्यात मोठा वाद पोटऱ्या ताणण्यावरून झाला. ते ताणत नव्हते. मी म्हणालो, आधीचे ताणायचे, तुम्ही का नाही? त्यांनी संशोधक आयोना नोव्हाक आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा मोठा आढावा समजावला. सेरेब्रल पाल्सीसाठीच्या उपचारांना त्यात सिग्नलसारखे रंग दिले आहेत. ठरवलेल्या कामाचाच सराव करणं हिरव्यात येतं. थेरपिस्टने हाताने थोडा वेळ ताणून सोडणं त्या यादीत चांगल्या जागी नाही. घोटा योग्य कोनात तासन्‌तास धरून ठेवायचं काम स्प्लिंट करतंय, ते तिने नीट घालावं. ‘माझी तीस मिनिटं मला जिन्यावर हवीत,’ असं ते म्हणाले. आणि खरोखर जिन्यावरच गेली. आधी तास चालू असताना रिकाम्या जिन्यावर, मग सुट्टी संपता संपता तुरळक गर्दीत, मग ऐन सुट्टीत, त्यांना एक पायरी खाली उभं ठेवून.

याच माणसाने मला एक गोष्ट सांगितली, जी आजवर कोणी सांगितली नव्हती. हालचालीच्या क्षमतेची जी पाच पातळ्यांची वर्गवारी १९९७ पासून वापरतात, जीएमएफसीएस, तिच्यात माझी मुलगी दुसऱ्या पातळीवर बसते (पहिल्या पातळीवर अडचण सगळ्यात कमी, पाचव्या पातळीवर सगळ्यात जास्त). कॅनडात ६५७ मुलांचा पाठपुरावा करून २००२ साली वाढीचे आलेख छापले गेले. दुसऱ्या पातळीची मुलं साधारण साडेचार वर्षांच्या सुमारास आपल्या मूलभूत हालचालींच्या क्षमतेच्या ९० टक्क्यांपर्यंत पोचतात, असं त्यात दिसलं. माझी मुलगी आठची. म्हणजे ती एक दिवस इतरांसारखी धावेल ही आशा मी धरली होती, ती त्यांनी माझ्यासमोर हळूच खाली ठेवली. मी बराच वेळ काही बोललो नाही. मग ते म्हणाले, जी क्षमता आहे ती दिवसभरात किती वापरता येते, यात मात्र अजून खूप जागा आहे, आणि आपण तिथेच काम करायचं. खोटी आशा देणारे पुष्कळ भेटले. मला हा माणूस जास्त विश्वासाचा वाटला.

त्यांची ध्येयं लिहायची पद्धतही मला आवडली. गोल अटेनमेंट स्केलिंग म्हणतात, १९६८ साली किरेसुक आणि शर्मन यांनी मानसिक आरोग्य सेवेसाठी तयार केलेली. मधे शून्य, म्हणजे अपेक्षित होतं तेवढं झालं. खाली उणे दोनपर्यंत, वर अधिक दोनपर्यंत. आमच्या कागदावर उणे दोन होतं ‘मोठ्यांचा हात धरून सहा मिनिटांत मैदान’. शून्य होतं ‘मैत्रिणीबरोबर, हात न धरता, चार मिनिटांत’. ‘ताकद वाढवणे’, ‘समन्वय सुधारणे’ असलं मोजता न येणारं काही नाही. लाकूड कापायच्या आधी खूण हवी, तशी ही खूण. आणि कुठलं ध्येय आधी घ्यायचं, हे मुलीला विचारून ठरलं. तिने मैदान निवडलं. मी अक्षर निवडलं असतं.

शून्य गाठलं. सगळं पायांच्या जोरावर नाही. वाटेतल्या दाराचा क्लोजर, म्हणजे दार आपोआप बंद करणारा दांडा, फार ताठ होता, तिला ते दार ढकलताना मागे रेटायचा. सरांच्या लक्षात आलं. मुख्याध्यापकांची परवानगी काढून मी त्याचा स्क्रू फिरवून तो सैल केला. वर्गशिक्षिका तिला आणि तिच्या मैत्रिणीला एक मिनिट आधी सोडतात. खेळाच्या तासाला तिला नेहमी गुण लिहायला बसवायचे, तेही बंद झालं. रिलेमध्ये तिचा टप्पा छोटा ठेवतात, बस, एवढाच बदल.

आता तक्रारी, आणि त्या लहान नाहीत.

एका थेरपिस्टकडे खूप शाळा आहेत. परीक्षेच्या आठवड्यात, सहलीच्या दिवशी, त्यांच्या आजारपणात बुडालेली सत्रं भरून मिळत नाहीत. आमची वर्षात सात बुडाली. वीस सत्रांचं महत्त्व ज्यांनी मला शिकवलं, त्यांच्याकडून हे मला पटत नाही, आणि मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे. वर्षाच्या मधेच ओटी मॅडम बदलणार होत्या. दोन आठवडे नव्या मॅडम आल्या तेव्हा मुलीने पुन्हा बाटली भरलेली आणली. पुढे जुन्याच मॅडम राहिल्या, पण असा बदल करायचा असेल तर आधी महिनाभर दोघींनी बरोबर यायला हवं.

पहिला अहवाल मला वाचताच आला नाही. प्रोप्रिओसेप्शन, बायलॅटरल इंटिग्रेशन, पोस्चरल कंट्रोल. मी परत दिला आणि म्हणालो, वर्गशिक्षिकेला आणि मला एकाच वाचनात कळेल असा द्या. दुसरा दीड पानाचा आला, साध्या मराठीत. तो पहिल्यांदाच तसा यायला हवा होता. वर्गशिक्षिकेलाही सुरुवातीला बारा सूचनांचा कागद दिला होता. भरलेल्या वर्गात एका शिक्षिकेने एका मुलीसाठी बारा गोष्टी लक्षात ठेवायच्या कशा? बाईंनी ते बोलून दाखवल्यावर दोन सूचना उरल्या, बाकावर प्रत आणि एक मिनिट आधी सुट्टी. त्या दोन मात्र रोज पाळल्या गेल्या.

त्यांच्या खरेपणाची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मुलीच्या वर्गातल्या एका मुलाला जागेवर बसवत नाही. त्याच्या आईला कुठूनतरी वजनाचं जाकीट, म्हणजे मूल शांत बसावं म्हणून घालायचं वजन भरलेलं जाकीट, वापरायचा सल्ला मिळाला होता. मॅडमनी तिला नाही म्हटलं नाही, भरपूर फायदा होतो असंही म्हटलं नाही. जाकीट असलेले आणि नसलेले दिवस आलटून पालटून दोन आठवडे घेतले, तो जागेवरून किती वेळा उठतो हे शिक्षिकेकडून मोजून घेतलं. फरक दिसला नाही, जाकीट परत केलं. त्याऐवजी वह्या वाटायचं काम त्याला दिलं. हे त्याच्या आईनेच मला सांगितलं आणि लिहायला परवानगी दिली.

ज्यांच्या मुलांसाठी अशी सेवा ठरवायची आहे त्यांनी पहिल्या भेटीत एवढंच विचारावं: तुम्ही वर्गात, जिन्यावर, स्वच्छतागृहात येऊन बघणार का, आणि कुठल्या तासाला उठवणार? याची नीट उत्तरं मिळाली नाहीत तर खोलीतली साधनं कितीही रंगीत असोत, भुलू नका. सध्याच्या सेवेला मी पाचपैकी चार देतो. एक गुण बुडालेल्या सत्रांचा.

पुढच्या वर्षी चौथीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. मी शाळेला अर्ज लिहून ठेवला होता, वर्ग तळमजल्यावर आणा म्हणून. फिजिओ सरांनी तो पाठवायच्या आधी मुलीला विचारायला सांगितलं. तिचं म्हणणं, वर्ग वरच राहू दे, दप्तर तेवढं कोणीतरी खाली-वर न्या. सर म्हणतात, दिवसातून दोनदा चढणं जमेल, चारदा चढली तर दुपारी हात लिहिणार नाही. पुढच्या गुरुवारी बैठक आहे. अर्ज माझ्या खिशात आहे, आणि ती रोज संध्याकाळी घरच्या जिन्यावर पायऱ्या मोजत बसलेली असते.